सोनबाने हलकी करून पाठवली

एका तालुक्याच्या गावात सोनबा नावाचा एक भोळा गृहस्थ होता. हरिभाऊंच्या झेरॉक्सच्या दुकानात कामाला होता. सांगितलेलं काम तो शब्दाला धरून करी, आणि तिथेच घात होई. पण हरिभाऊंचा नाइलाज होता. त्यांची मुलगी प्रणिता लग्नाची, दोन स्थळं हातची गेलेली. तिसरं शोधायला बाहेर पडलं की दुकान सोनबावर टाकावं लागे.

पहिल्या दिवशी एकाने जन्माचा दाखला स्कॅनला दिला. सोनबाने मशीनवर आकडा ठेवला पंचाहत्तर. अक्षरं इतकी पुसट आली की जन्मलं कोण तेच कळेना. संध्याकाळी हरिभाऊंनी समजावलं, इंचाला ठिपके कमी पडले, तीनशे ठेवायचे. सोनबाने ते पाठ केलं.

दुसऱ्या दिवशी शेवंताबाई आल्या. नवरा वारलेला, त्याचा एकुलता एक फोटो अंगठ्याएवढा. तो भिंतीवर लावण्याइतका मोठा हवा होता. सोनबाने तीनशे ठेवले. फोटो मोठा झाला, पण नवऱ्याचे नुसते चौकोन झाले. शेवंताबाई म्हणाल्या, हे आमचे मालक नव्हेत, ही त्यांची चौकड्याची लुंगी आहे. फोटो नव्याने करून देताना हरिभाऊंनी पुन्हा समजावलं, लहानाचं मोठं करायचं असेल तर बाराशे.

तिसऱ्या दिवशी एक गृहस्थ पोराचा फोटो घेऊन आले. शाळेचा ऑनलाइन अर्ज भरायचा होता. सोनबाने फोटोतल्या पोराकडे नीट पाहिलं. पोर लहान आहे, उद्या मोठं होणारच. त्याने बाराशे ठेवले. फाइल एवढी फुगली की अर्ज दुपारभर नुसता गरगरत राहिला. गृहस्थ वैतागून दुसऱ्या दुकानात गेले.

हरिभाऊंनी कपाळाला हात लावला. "अरे, पाठवायची गोष्ट एवढी जड ठेवतात का? हलकी करून पाठवायची. आणि काय केलं ते खाली लिहायचं, म्हणजे समोरच्याला कळतं."

चौथ्या दिवशी देव पावला. सांगलीचं स्थळ आलं. मुलगा गुणी, घर चांगलं. मुलाच्या आईने फोटो आजच मागितला. हरिभाऊंना पत्रिकेसाठी जोशीबुवांकडे जायचं होतं. त्यांनी प्रणिताचा फोटो सोनबाच्या हातात दिला आणि बजावलं, माझ्या मुलीचा आहे, कसर ठेवू नकोस.

सोनबाने कसर ठेवली नाही. बाराशे ठेवले. फाइल झाली ऐंशी एमबीची. मग त्याला कालचं आठवलं. दुपारभर बसून त्याने ती दोन एमबीवर आणली. फोटो खरंच सुरेख दिसत होता. जन्मात पहिल्यांदा त्याचं काम बिनचूक झालं होतं. त्याने तो सांगलीला मोबाइलवर पाठवला आणि आठवणीने खाली लिहिलं.

"नमस्कार. ही मुळात फार जड होती. हरिभाऊंच्या सांगण्यावरून हलकी करून पाठवत आहे."

जरा वेळाने मुलाच्या आईने विचारलं, "मूळ वजन किती?"

सोनबा खोटं कशाला लिहील?

"ऐंशी. पण काळजी नसावी. आज दुपारीच दोनवर आणली."

हरिभाऊ पत्रिका घेऊन धावतपळत आले. सांगलीहून काही निरोप आला का, असं त्यांनी दारातूनच विचारलं. सोनबाने आनंदाने मोबाइल पुढे केला. हरिभाऊंनी वाचलं आणि पत्रिकेची घडी घालून ती खिशात ठेवली.

"सांगलीकर तेव्हापासून गप्प आहेत," सोनबा म्हणाला. "फोटो मोठा करून बघत असतील."