आबांची टोपी बोरीवर

त्या दिवशी ऊन होतं कोवळं, पण वारा भारी खोडकर. भर्र भर्र! दोरीवरची धोतरं ओढत होता, कोंबड्यांची पिसं फुलवत होता.

टिकल्या म्हणजे आबांचं कुत्र्याचं पिल्लू. एवढंस्सं. कपाळावर पांढरा टिकला.

आबा दळण घेऊन निघाले. अंगणात आपली जुनी टोपी ठेवली. म्हणाले, "टिकल्या, टोपीवर बस हं. येतो बरं का!"

आणि गेले की!

"येतो म्हणतात आणि जातात!" टिकल्याला रडू आलं. कुंई कुंई! पण टोपीला आबांचा वास होता. नाक खुपसलं की जरा बरं वाटायचं.

भर्र! वारा आला. टोपी उडाली. बोरीवर जाऊन अडकली.

आता आबा नाहीत, टोपीपण नाही. टिकल्यानं नाक चाटलं. म्हणाला, "रडायचं नाही. टोपी आणायचीच!"

दुडूदुडू, दुडूदुडू, बोरीकडे.

"बोरीबाई, बोरीबाई, टोपी दे."

"हलायला जीव नाही रे अंगात. आधी पाणी, मग टोपी."

दुडूदुडू, दुडूदुडू, हापशाकडे.

"हापसेदादा, हापसेदादा, पाणी दे.
आबांची टोपी बोरीवर,
बोर टोपी देईना."

"कुर्रर्र! दांडा हलत नाही माझा. आधी तेल, मग पाणी."

दुडूदुडू, दुडूदुडू, शेजारच्या ठकूमावशीकडे.

"ठकूमावशी, ठकूमावशी, तेल दे.
आबांची टोपी बोरीवर,
बोर टोपी देईना,
हापसा पाणी देईना."

"आलास होय रडूबाई! रोज कुंई कुंई, कान किटले माझे. माझं करडू बांधावर बसलंय. आधी करडू, मग तेल."

दुडूदुडू, दुडूदुडू, बांधावर.

"करडूभाऊ, करडूभाऊ, घरी चल.
आबांची टोपी बोरीवर,
बोर टोपी देईना,
हापसा पाणी देईना,
मावशी तेल देईना."

"नाही येत जा! आई चरायला गेली. मला एकटं एकटं वाटतं. बें!"

टिकल्या त्याच्याजवळ बसला. अगदी अंगाला अंग लावून.

"जाताना आई काय म्हणाली?"

"येते म्हणाली."

"मग येणारच की!"

असं म्हणाला, आणि टिकल्याचेच कान उभे राहिले. अरेच्चा! आबापण 'येतो'च म्हणाले होते. 'जातो' कुठं म्हणाले?

"ऊठ रे. आई येईपर्यंत मी आहे ना!"

करडू उठलं. टुण्‌ टुण्‌ घरी आलं.
करडू आलं, मावशीनं तेल घातलं.
तेल घातलं, हापसा हलला.
हापसा हलला, पाणी आलं भळाभळा.
पाणी आलं, बोर प्यायली गटागटा.
बोर प्यायली, हलली सळसळ.
आणि टोपी पडली, टप्प! टिकल्याच्या डोक्यावरच!

टिकल्या टोपीवर बसला. करडू त्याला टेकून बसलं. दोघं वाटेकडे बघत राहिले.

फटक फटक! चपला वाजल्या. आबा आले! मागून शेळीपण आली. टिकल्याची शेपटी गरगर गरगर.

"फार रडला का गं आज?" आबांनी अंगणात आलेल्या ठकूमावशीला विचारलं.

ठकूमावशी हसली. "छे हो आबा! रडायला सवड कुठं होती त्याला! बरं, स्वयंपाक पडलाय माझा. टिकल्या, येते बरं का!"