ताटाची डावी बाजू

एकदा एका वृद्ध वैद्यांच्या ओसरीवर एक सुतार दोन्ही तळहात पुढे धरूनच चढला. तळहात हळदीत बुडवल्यासारखे पिवळे झाले होते आणि कावीळ झाली या भीतीने त्याच्या तोंडचे पाणी पळाले होते. वैद्यांनी त्याच्या पापण्या खाली ओढून पाहिल्या. डोळे स्वच्छ पांढरे होते.

“परसात पपई लागली आहे का रे?” वैद्यांनी विचारले.

“लागलीय म्हणजे काय, झाड वाकलंय! पण तुम्हाला कसं कळलं?”

“आणि ताटात कुठे वाढतात ती?”

“ताटात कसली, वैद्यबुवा? सध्या दुपारचं जेवणच पपईचं.”

वैद्य हसले. “पपई चांगलीच. पण जेवण झाल्यावर दोन फोडी खा, आणि भाकरीला ताटात जागा दे. रंग आपोआप जाईल.”

सुतार औषधाची पुडी न मिळाल्यामुळे थोडा हिरमुसूनच घरी गेला.

वैद्यांचा शिष्य श्रीपाद शेजारी खल घेऊन बसला होता. पपईने माणूस पिवळा पडतो हे ऐकून त्याचा बत्ता हातातच थांबला. मुळात हा शिष्य मोठा जिज्ञासू. रोज डोळ्यांसमोर असणारे साधे पदार्थ पोटात गेल्यावर काय काय उद्योग करतात, याचे त्याला अपार कुतूहल होते. शेवग्याचा पाला, कुळथाचे कढण, ताक, मेथी, सगळ्यांची तो चौकशी करी. गुरुजींची एक गोष्ट मात्र त्याला कधी उमगली नव्हती. रोगी कोणीही असो, पदार्थ कोणताही असो, ते विचारणार एकच: “ताटात कुठे वाढलं होतं?” म्हातारपणाची खोड म्हणून श्रीपादाने ते सोडून दिले होते. येत्या दसऱ्याला त्याला स्वतंत्रपणे औषध देण्याची अनुज्ञा मिळायची होती, आणि त्याचे सारे चित्त तिकडे लागले होते.

अशात गुरुजींना काही दिवस परगावी जावे लागले. ते गेले आणि गावातले कापडाचे व्यापारी ओसरीवर आले. शेटजींचा सारा दिवस दुकानाच्या गादीवर जायचा, त्यामुळे पोट साफ होण्याचे नाव नाही. श्रीपादाने थोडा विचार करून सांगितले, “जवस भाजून त्याची चटणी करा. रोज भाकरीबरोबर चमचाभर खा.”

आठवडा झाला आणि शेटजी हसतच परत आले.

“धाकटे वैद्य, जादू केलीत हो! आता मला सांगा, चमचाभराने एवढा गुण, तर वाटीभर खाल्ला तर?”

हा प्रश्न श्रीपादाच्याही मनात येऊन गेला होताच. खरेच, काय होईल? त्याला उत्तर ठाऊक नव्हते, पण कौतुकाने तो फुलून गेला होता.

“जवसच तो, त्यात वाईट काय असणार?” तो म्हणाला. “खा खुशाल. जितका खाल तितका गुण.”

गुरुजी ज्या दिवशी परतले, त्याच दिवशी दुपारी शेटजींची पत्नी धापा टाकत आली. “सकाळपासून तडफडतायत हो. पोट दगडासारखं झालंय. पाण्याचा घोटसुद्धा नको म्हणतायत.” गुरुजी लगेच उठले आणि श्रीपाद त्यांच्या मागून निघाला.

शेटजी गादीवर आडवे पडले होते. वैद्यांनी पोट चाचपले, नाडी पाहिली आणि शांतपणे विचारले, “शेटजी, जवस ताटात कुठे वाढला होता?”

एवढ्या वेदनांतही शेटजी चिडले. “ताटात कशाला वाढतंय कुणी? इथंच बसल्या बसल्या मुठीनं खाल्ला. सकाळी वाटीभर, संध्याकाळी वाटीभर. हे धाकटे वैद्यच म्हणाले, जितका खाल तितका गुण!”

“आणि पाणी?”

“पाणी प्यायलं की सारखं उठावं लागतं. गिऱ्हाईक खोळंबतं.”

वैद्यांनी अन्न बंद केले. घोट घोट कोमट पाणी द्यायला सांगितले, पोट शेकवले, आणि मधूनमधून दोघांनी धरून शेटजींना अंगणात चालवले. मध्येच त्यांनी एका वाटीत मूठभर जवस आणि वर पाणी घालून ती श्रीपादासमोर ठेवली. “बघत राहा,” एवढेच ते म्हणाले.

दिवेलागणीपर्यंत वाटीतला जवस फुगून बुळबुळीत झाला होता आणि काठाला येऊन टेकला होता. श्रीपादाने वाटी तिरपी केली, तरी तो लगदा जागचा हलेना. शेटजींच्या पोटात काय चालले असेल ते त्याला डोळ्यांनी दिसले, आणि भरल्या घरात त्याला रडू फुटले. थोड्याच वेळात शेटजींना उतार पडला आणि सगळ्यांचा जीव भांड्यात पडला.

दुसऱ्या दिवशी श्रीपाद गुरूंसमोर हात जोडून उभा राहिला. “गुरुजी, मी कानाला खडा लावला. जवसाचं नाव पुन्हा काढणार नाही. पपई नको, मेथी नको. ज्या पदार्थानं कुणाला कधी त्रास झाला, तो मी सांगणार नाही. आणि दसऱ्याचंही राहू द्या.”

दुपारी गुरुजींनी शिष्याला स्वयंपाकघराबाहेर बसवले आणि ताट स्वतः वाढून आणले.

ताट पाहून श्रीपाद चक्रावला. मधोमध भाताच्या मुदीएवढी मिठाची मूद. उजवीकडे भाजीच्या जागी हिरव्या मिरचीची चटणी, वाटीत आमटीऐवजी काठोकाठ लोणचे. आणि डावीकडे, चटणीच्या जागी, बोटाने उचलावा इतका भात, वर वरणाचा एक थेंब.

“बैस,” गुरुजी म्हणाले. “एकही पदार्थ नवा नाही. सगळे तू रोज मिटक्या मारत खातोस. जेव.”

गुरूंची आज्ञा. श्रीपादाने डोळे मिटून चटणीचा घास घेतला, त्यावर मीठ घेतले, आणि ठसका लागून त्याच्या नाकाडोळ्यांतून पाणी वाहू लागले. गुरुजींनी तांब्या पुढे केला.

“गुरुजी, हे कसं जेवायचं?”

“का? मीठ वाईट आहे?”

“नाही.”

“चटणी वाईट?”

“नाही. पण ती डावीकडे असते, गुरुजी! एवढीशी!”

“मग हे तुला ठाऊक होतं तर,” गुरुजी हळुवारपणे म्हणाले. “आपल्या आयांनी आपल्याला ताट वाढायला शिकवलं, तेव्हा कुठे वाढायचं यातच किती वाढायचं हे सांगून ठेवलं. मीठ वर, चिमूटभर. चटणी, लोणचं डावीकडे, बोटाला लागेल इतकं. पोट भरायचं ते मध्ये. प्रत्येक पदार्थात गुण आहे आणि त्याच पदार्थात उपद्रवही आहे. कोणता पुढे येईल ते त्याची जागा ठरवते. शेटजींना तू जवस दिलास ते योग्यच होतं. मग गुण पाहून तू हरखलास आणि तो ताटाच्या मधोमध आणून ठेवलास. आज घाबरलास, तर त्याला ताटाबाहेरच काढायला निघालास. अरे, त्याला त्याच्या जागी राहू दे की.”

श्रीपाद उठला, दुसरे ताट घेतले आणि एकेक पदार्थ जागच्या जागी वाढला. त्या दिवशी दोघे एकत्र जेवले.

काही दिवसांनी शेटजींची पत्नी पुन्हा आली. शेटजी आता धास्तीने नुसत्या पेजेवर राहत होते. जुनी तक्रार परत सुरू झाली होती आणि अंगातले बळ गेले होते.

“तू जा,” गुरुजी श्रीपादाला म्हणाले.

“त्यांचा माझ्यावर विश्वास उरला नसेल.”

“नसेलच. तरी जा.”

श्रीपादाला पाहताच शेटजींनी भिंतीकडे तोंड फिरवले. “शेटजी, चूक माझी होती,” तो म्हणाला. “मला माहीत नव्हतं, तरी मी माहीत असल्यासारखं बोललो.” मग त्याने शेटजींच्या पत्नीकडून ताट मागून घेतले. मध्ये भाकरी आणि वरणभात, उजवीकडे दोडक्याची भाजी. शेवटी डावीकडे, लिंबाच्या फोडीखाली, चमचाभर जवसाची चटणी. पाण्याने भरलेला तांब्या त्याने ताटाशेजारी ठेवला.

शेटजी मान वळवून पाहू लागले. “पुन्हा जवस?”

श्रीपादाने ताट त्यांच्याजवळ सरकवले. शेटजींची नजर ताटावरून हळूहळू फिरली आणि डाव्या बाजूला येऊन थांबली.

“माझी आई इथेच वाढायची,” ते पुटपुटले, आणि त्यांनी भाकरीचा तुकडा मोडून चटणीला लावला.

श्रीपाद परतला, तेव्हा ओसरीवर एक बाई वाट पाहत बसली होती. चिंचेमुळे दात आंबले आहेत, पाणीही लावून घेत नाहीत, अशी तिची तक्रार होती. गुरुजींनी तिला काहीच विचारले नाही. त्यांनी खल आपल्याकडे ओढून घेतला आणि शिष्याला आपल्या जागी बसायची खूण केली.

श्रीपाद बसला. “मावशी,” त्याने विचारले, “चिंच ताटात कुठे वाढली होती?”