गळ टोचलेलं जांभूळ

त्या जांभळाला टेकू नका साहेब, पाठ फाटेल. जवळ जाऊन बघा, पण हात लावू नका. खोडात कमरेपासून डोक्यापर्यंत दिसतात ते खिळे नाहीत, गळ आहेत. काही गंजून सालीत बुडाले, काही मागच्या आठवड्यातले आहेत. ह्या गावात गळ टाकणारी ढिवरांची सतरा घरं, आणि तळ्यात मरळीची तांबडी पिलं दिसली की सतराही घरांचे गळ ह्या झाडाला येऊन लागतात. महिना-दीड महिना कोणी काढत नाही. तुम्ही नागपूरहून एवढं सामान घेऊन आलात, डबा उघडून विचारता, बाबा, इथं जास्त मासा कशानं लागतो? सांगतो. पण आज तुमचा गळ पाण्यात पडायचा नाही. तिकडं कमळाच्या अलीकडं पाण्यावर तांबूस डाग सरकतोय, दिसला? हजारभर पिलं आहेत ती. खाली माय आहे त्यांची. बसा. घाई असेल तर पुढं दुसरं तळं आहे.

फार मागची गोष्ट. तेव्हा गावात इस्तारी नावाचा ढिवर होता. त्याच्यासारखा गळवाला आसपासच्या बारा तळ्यांत नव्हता, असं सांगतात. जाळंवाल्यांना तो हसायचा. जाळं तर आंधळाही टाकतो, म्हणायचा, मासा आवतण देऊन आणावा लागतो. रोहूसाठी जवसाची पेंड भाजून, भाताच्या कोंड्यात मळून लिंबाएवढे गोळे करायचा, आणि गळ टाकायच्या आधी दोन दिवस त्याच जागी नुसतेच गोळे सोडायचा. फुकट जेवलेला पाहुणा तिसऱ्या दिवशी पाट बघून बसत नाही, हे त्याचं बोलणं. शिंगाडा माशाला कोंबडीचं आतडं, वास सुटेपर्यंत ठेवलेलं. वांबीला गांडूळ, न धुता, चिखलासकट. मरळीला जिवंत बेडूक, आणि गळ पाठीच्या कातडीतून असा घालायचा की बेडूक पोहत राहिला पाहिजे. काठीच्या दोरीला मोरपिसाची दांडी तरंगायला बांधायची, आणि मग बसायचं. बसण्यात त्याची खरी विद्या होती. माशी नाकावर बसली तरी हलायचा नाही म्हणे.

पण आखाड लागला की मरळ त्याला हरवायची. पिलं झालेली मरळ पोटाचं काही बघत नाही. नर आणि मादी दोघंही पिलांखाली राखणीला असतात, समोरून बेडूक गेला तरी गिळत नाहीत. आणि मागणी नेमकी तेव्हाच. कोणाकडं बाळंतीण, कोणाकडं तापातून उठलेला माणूस, सगळ्यांना मरळीचाच रस्सा हवा. इस्तारी दिवसभर बसायचा आणि रिकाम्या हातानं घरी यायचा. ते त्याच्या जिव्हारी लागायचं.

त्याची बहीण सयत्रा त्याच्याच घरी होती. नवरा वारला, सासरच्यांनी दार लावलं, तेव्हा काखेत लेक घेऊन ती भावाकडं आली. लेकीचं नाव बारकी. आठ-नऊ महिन्यांची, रांगायला लागलेली. इस्तारीनं बहिणीला ठेवून घेतलं, एका शब्दानं बोलला नाही, हेही खरं. वाईट माणूस असता तर गोष्ट सोपी होती, बाप्पा.

एकदा सयत्रा तळ्याच्या ह्याच पाळीवर, बांधावर, बारकीला पाजत बसली होती. झाडावरून एक सुकलेलं पान पडलं, ते नेमकं पिलांच्या मधोमध. खालून मरळ उसळली, पान तोंडात धरलं आणि लांब नेऊन टाकलं. सयत्रानं खडा टाकून पाहिला. पुन्हा तेच. रात्री जेवताना सहज बोलली ती. "दादा, मरळ आता भुकेनं येत नाही. लेकरांत कोणी शिरलं की येते. खायला नाही, हाकलायला."

इस्तारीचा घास हातात राहिला. दुसऱ्या दिवशी त्यानं बहिणीच्या फाटक्या लुगड्याचा लाल काठ बोटभर फाडून घेतला, गळावर गुंडाळला. बेडूक नाही, गांडूळ नाही, नुसती चिंधी. पिलांच्या मधोमध टाकली आणि हलवली. झपकन मरळ लागली. चार शेराची. इस्तारी पाळीवर नाचला म्हणे. तुमच्या डब्यात तो लाल रबराचा बेडूक आहे ना साहेब, दुकानदारानं नवीन म्हणून दिलेला? आमच्याकडं विचाराल तर तो सयत्राच्या लुगड्याचा काठ आहे.

मग काय, रोज मरळ. गावोगावी बोलबाला झाला. पण सयत्रा पाळीवर यायची आणि तिला दुसरंच दिसायचं. माय गेली की पिलं तिथंच घोटाळत राहायची, त्याच जागी, गोल गोल. मग खंड्या यायचा, बगळे यायचे, खालून दुसरे मासे यायचे. दिवस मावळेपर्यंत तो तांबडा डाग पुसून जायचा. तिनं भावाला हात जोडले.

"एवढा महिना सोड दादा."

"मासा धरणं पाप हाये काय आता? ढिवरानं खावं काय, माती?"

"मासा धरणं पाप नाही. भुकेनं येईल तो धर. थे पोटासाठी येत नाही. मीच तुले सांगतलं, माझ्या तोंडाले आग लागो."

इस्तारी हसला. बाईच्या जातीचं मऊ काळीज, म्हणाला, आणि काठी खांद्यावर टाकून गेला.

त्याच आखाडात गढीवरच्या मालगुजाराला, ह्या तळ्याच्या मालकाला, नातू झाला. बारशाला मोठं जेवण ठरलं आणि इस्तारीला बोलावणं आलं. मालगुजार म्हणाला, "सात मरळी पाहिजेत, मोठ्या. आणल्या तर हे तळं तुझं, दुसऱ्या कोणाचा गळ पडणार नाही. नाही आणल्या तर उद्यापासून तू पाळीवर पाय ठेवायचा नाही." इस्तारी छाती काढून हो म्हणून आला. त्याच्याकडं लोहारानं घडवलेले अकरा गळ होते, एकेक महिना घासून टोकदार केलेले. ते तो भोपळ्याच्या तुंब्यात ठेवायचा.

बारशाच्या दिवशी सकाळी उठून बघतो तर तुंबा रिकामा. सयत्रा अंथरुणात नाही. बारकी भावजयीच्या कुशीत झोपलेली. तो धावत पाळीवर आला. काठाला बांधलेला डोंगा, लाकडाची होडी, तोही नाही. अख्ख्या गावात तेव्हा एकच डोंगा होता.

सयत्रानं अकराही गळ लुगड्याच्या ओटीत, कमरेशी बांधले होते. मधल्या खोल पाण्यात सोडून द्यायचे आणि बारकी उठायच्या आत परतायचं, एवढाच तिचा बेत. पण ती मध्यावर पोचते न पोचते तोच पाळीवरून आवाज आला. "गळ पाण्यात टाकलास तं तुले अन् तुह्या पोरीले आजच घराबाहेर काढीन! आठवण ठेव!" तिचा हात ओटीवरच थांबला. गळ टाकले तर लेकीचं छप्पर गेलं. परत नेले तर पुन्हा सात माया मरणार. काय करावं बाईनं? तिनं डोंगा लव्हाळ्यात खोल घुसवला आणि गप्प बसून राहिली.

इस्तारीनं सगळं करून पाहिलं. शिव्या दिल्या, मग गोड बोलला, भाकर आणून दाखवली, नवं लुगडं घेतो म्हणाला. लव्हाळा हलला नाही. पोहत जावं तर ती कुठं दडली ते दिसेना, आणि तळं ह्याच्या एकट्याचं होणार म्हटल्यावर दुसरा कोणी आपला गळ देईना. सूर्य डोक्यावर आला. गढीवर चुली पेटल्याचा धूर दिसायला लागला. तळं हातचं जाणार, बापजाद्यांची पाळ जाणार. आणि मग त्याला त्याची विद्या आठवली. भुकेनं येत नाही. आमिषानं येत नाही. मग कशानं येते?

तो घरी गेला आणि पाळण्यातून बारकीला उचललं. बायको आडवी आली. "एवढ्या उन्हात पोर कुठं नेता?"

"घटकाभर," तो म्हणाला.

ही सपाट शिळा दिसते ना, पाण्याच्या कडेची? तिच्यावर त्यानं बारकीला ठेवलं आणि स्वतः ह्या जांभळामागं येऊन बसला. तसाच, माशासाठी बसायचा तसा. शिळा तापलेली होती. पोरीनं आधी इकडंतिकडं पाहिलं, मग ओठ काढले, मग जो टाहो फोडला तो तळ्याच्या पार तिकडच्या काठाला ऐकू गेला. इस्तारी हलला नाही. पोर रडून रडून लाल झालं. तो हलला नाही.

लव्हाळा हलला. मोरपिसाची दांडी बुडताना त्याच्या छातीत जे व्हायचं, तेच त्या घडीला झालं. हे कोणी रचलेलं नाही, त्यानं स्वतःच पुढं पंचांसमोर सांगितलं. म्हणाला, मले आनंद झाला. लागली, असंच मनात आलं.

डोंगा लव्हाळ्यात रुतला होता. सयत्रानं तो ओढायचाही विचार केला नाही, सरळ उडी मारली. ढिवराची पोर, पाण्याची तिला कसली भीती? पण मधे कमळाचं रान होतं आणि कमरेला अकरा गळ. एक गळ ओटी फाडून देठात अडकला. तिनं हिसका दिला तर दुसरा अडकला, तिसरा लुगड्यात. जितकी झटापट तितकी जास्त गुंतत गेली. इस्तारी उठून ओरडला, "ओटी सोड! सये, ओटी सोड!" तिचं लक्ष त्याच्याकडं नव्हतंच. ती पोरीकडं बघत होती. दोनदा डोकं वर आलं. तिसऱ्यांदा आलं नाही.

त्यानं उडी घेतली. पाण्याखाली ती हाताला लागली, पण देठ तोडता तोडता एक गळ त्याच्या हाताच्या तळव्यात आरपार गेला. तिला मोकळी करून काठावर आणेपर्यंत काही उरलं नव्हतं. आणि बारकी त्या शिळेवर रडतच होती.

गढीवर बारसं झालं. पंगती उठल्या, लोक ढेकर देत घरी गेले. मरळ नव्हती हे कोणाच्या ध्यानातही आलं नाही म्हणे. मालगुजारानं इस्तारीची पाळही बंद केली नाही. विसरला तो! सात मरळी आपण सांगितल्या होत्या, हेच विसरला.

इस्तारीनं बहिणीच्या लुगड्यातून दहा गळ सोडवले, अकरावा आपल्या तळव्यातून उपसला, आणि सगळे ह्या जांभळात ठोकले. पहिले गळ ते. मग पंचांपुढं उभा राहिला. "मी बहिणीला गळ लावला. आमिष तिचं पोर होतं. काय दंड सांगता तो सांगा." पंचांना दंड सुचेना. तेव्हा त्यानंच मागून घेतला. आपण पुन्हा गळ धरायचा नाही, आणि पिलं दिसली की गावानंही गळ इथं आणून टोचायचे. लोकांनी मान डोलावली. कोणी मनापासून, कोणी त्याचा हात बघून.

त्यानं पुन्हा गळ धरला नाही. बारकीला त्यानं आणि बायकोनं वाढवलं, तळहाताच्या फोडासारखं. पण गाव म्हटलं की तोंडं आली. पोरगी मोठी झाली, तिच्या कानावर गेलंच. तिनं मामाला विचारलं, आणि त्यानं खोटं सांगितलं नाही. सगळं ऐकून ती रागावली नाही, रडली नाही. एवढंच म्हणाली, "मामा, मी तेव्हा रडले नसते तर?"

 त्या दिवसापासून इस्तारी शेवटपर्यंत ह्या पाळीवर फिरायचा, आणि कोणाचंही पोर रडलं की धावत जाऊन उचलायचा. लोक आधी वेडा म्हणाले. नंतर त्यांनाही सवय लागली.

काही म्हणतात, जिथं सयत्रा बुडाली तिथं एक म्हातारी मरळ आहे, आईविना राहिलेली पिलं ती सांभाळते. मी सत्तर वर्षं बघतोय, मला नाही दिसली. खोटं कशाला बोलू? पिलं मात्र दरवर्षी दिसतात, आणि गळ इथं येतात. तुमचेही आणा. हं, तो लाल बेडूकसुद्धा. पिलं मोठी झाली की येऊन घेऊन जा, इथला गळ चोरीला जात नाही.

आणि एक ध्यानात ठेवा, बायका-पोरं घेऊन याल तेव्हा कामी येईल. आजही ह्या पाळीवर पोर रडलं की ज्याच्या कानावर पडेल तो हातातलं टाकून धावतो. पोर कोणाचं, कुठल्या जातीचं, कोणी विचारत नाही. गळाला दहा शेराचा मासा लागलेला असला तरी काठी पाण्यात जाऊ द्यायची. आधी पोर उचलायचं.