मेढीजवळची जागा

फार मागे, बैल बोलत असत तेव्हाची गोष्ट. "ऐकलंस का गं? खळ्यावरच्या म्होरक्या बैलाची जागा गेली. आता त्याचं कुणी..." एवढंच बोलून साळुंकी बाभळीवरून उडाली. अर्धं ऐकून कुणाला चैन पडतं? शेजारची शेळी लगेच खळ्यावर काय झालं ते विचारायला कुंपणाशी गेली.

झालं होतं असं. मळणी चालली होती. सोनेरी भुसा हवेत तरंगत होता, घुंगरं पेंगुळल्यासारखी वाजत होती. मधल्या मेढीला, म्हणजे खळ्याच्या खांबाला, बांधलेला म्होरक्या गुंज्या जवळजवळ जागच्या जागीच फिरायचा. कडेच्या चांद्याला मात्र तेवढ्याच वेळात अख्ख्या खळ्याला पळत फेरी मारावी लागे.

"उचल पाय, आळशा! मी दमलो का बघ," गुंज्या सारखा ओरडे. ओरडा वाढला तसा चांद्या मंदावला, आणि एका दाव्यात बांधलेल्या बैलांची सगळी पातच थांबली.

"आता बसलास तर बाजार दाखवीन," धनी रखमाजी चांद्यावर खेकसला.

चांद्या हळूच म्हणाला, "गुंज्यादादा, विकला जायच्या आधी एकदा तुझ्या जागी चालू दे. तू माझ्या जागी ये."

पाणी पिऊन आल्यावर गुंज्या आपणहून कडेला उभा राहिला. पहिल्याच फेरीत त्याच्या तोंडाला फेस आला. मग ओरडा थांबला आणि दोघं आळीपाळीनं कडेला चालू लागले. "दमलास की सांग रे, बदलू," एवढंच गुंज्याचं ऐकू येई. दिवस कलता कलता मळणी उरकली आणि चांद्या गोठ्यातच राहिला.

साळुंकी परतल्यावर शेळी म्हणाली, "जागा गेली हे खरं गं बाई. पण ऐकतात सगळे त्याचंच, आणि तेही न ओरडता."