सावलीतला उकाडा

परवापासून बुरुजाचं काम भर दुपारीही चालेल, अशी दवंडी आवडीने ऐकली. वैशाख महिना, खाडीकाठचा गाव, वारा पडलेला. कालच तिचा बाप, भिवा पाथरवट, बुरुजावर चक्कर येऊन कोसळला होता. सावलीत निजवून ओल्या फडक्याने अंग पुसलं, तेव्हा कुठे त्याने डोळे उघडले होते.

ती तडक दरबारात गेली. रणधीरराजे जरीच्या अंगरख्यात बसले होते आणि दोन सेवक पंखे ढाळत होते.

"महाराज, दुपारी एक प्रहर काम थांबवा. माणसं मरतील."

"उकाड्याने कोणी मरतं का? मला तर काही होत नाही," राजे म्हणाले. "एवढा मोठा असेल तुझा उकाडा, तर उद्या दुपारी आणून दाखव इथे. विस्तव पेटवायचा नाही, मला उन्हात न्यायचं नाही. जमलं नाही, तर तुझा बाप सर्वांत वरच्या थरावर!"

"आणते. पण उद्या दरबाराची व्यवस्था माझ्याकडे."

"दिली."

दुसऱ्या दिवशी आवडीने खिडक्या लावल्या, पंखेवाल्यांना जेवायला पाठवलं आणि दोऱ्या बांधून राजवाड्यातल्या चाळीस चादरी ओल्या करून टांगल्या.

कारभारी हसले. "पोरी, ओल्या चादरींनी गारवा येतो गं."

"बघू या, काका."

घटकाभराने हसू आटलं. भाताच्या हंडीवर झाकण ठेवावं तसा दरबार वाफाळला. घाम येई, पण वाळेना. कारभाऱ्यांचं गंध नाकाच्या शेंड्यावर आलं. राजांनी पगडी उतरवल्याशिवाय कोणी उतरवायची नाही आणि राजांची उतरली की दरबार उठला, अशी तिथली रीत. म्हणून सगळे राजांच्या डोक्याकडे आशेने बघत बसले.

शेवटी राजांनी पगडी काढून मांडीवर घेतली. "खिडक्या उघडा. डोकं गरगरतंय. फार झालं हे ऊन."

आवडीने खिडकी उघडली आणि मीठ घातलेल्या कोकमाचा गडू पुढे केला. "हळूहळू प्या, महाराज. आणि ऊन कुठलं? ही तर सावली. ऊन अजून बुरुजावरच आहे."

राजांनी गडू हातात घेऊन एक घोट घेतला.

"तुमची पगडी उतरली, दरबार उठला," ती म्हणाली. "बुरुजावरच्या माणसांना कधी उठू देता?"

राजे इतके हसले, की गडू हिंदकळला. "दवंडी द्या. दुपारी एक प्रहर बुरुजावर कोणी हात हलवायचा नाही. आणि या चाळीस चादरी हिला बक्षीस."

"बुरुजावर सावलीला बांधीन. वाळल्या की नेते, महाराज."

"छे गं बाई! आत्ताच ने."