बिनवाघाचा वाघ

“मला वाघाचा फोटो पाहिजे, आणि त्या फोटोत वाघ नको!”

देवखिंडीच्या राजेसाहेबांनी सकाळच्या चहालाच हा बॉम्ब टाकला. राज्य कधीच गेलं होतं, हट्ट तेवढा शाबूत होता. जंगलाच्या कडेला त्यांचा सफारी कॅम्प होता आणि ते स्वतः तोफेएवढी लेन्स घेऊन रोज जीपमध्ये चढत. चालणारा वाघ, लोळणारा वाघ, पाणी पिणारा वाघ, जांभई देणारा वाघ! महालाच्या भिंतींवर जागा उरली नव्हती. आता राजेसाहेबांना कंटाळा आला होता, आणि राजाला कंटाळा आला की घाम प्रजेला फुटतो!

“शेपूट नको, पट्टा नको, पंजाचा ठसा नको, सावलीसुद्धा नको,” राजेसाहेब म्हणाले. “पण फोटो बघणारा ‘वाघ!’ म्हणून ओरडला पाहिजे. बोला, कोण काढतंय?”

सगळ्यांनी चहाच्या कपात डोकी घातली. सेक्रेटरी शृंगारपुरे मात्र खुलले. त्यांना आपल्या मेहुण्याला गाईड करायचं होतं, आणि गाईडची खाकी वर्दी नेमकी वनमाला कुमरेच्या अंगावर होती. गेल्या वर्षापर्यंत वनमाला कॅम्पच्या भटारखान्यात पोळ्या लाटायची. परीक्षा देऊन ती गाईड झाली, तेव्हापासून त्या वर्दीला तिच्याशिवाय कुणी इस्त्रीही करायची नाही. जीव होता तिचा त्या वर्दीवर!

“सरकार, आपली वनमाला काढेल की!” शृंगारपुरे गोड आवाजात म्हणाले. “नाहीच जमलं, तर वर्दी उतरवून ठेवेल आणि पोळ्या लाटायला जाईल.”

“मंजूर!” राजेसाहेबांनी कप आपटला.

वनमालानं एकदा आपल्या वर्दीकडं पाहिलं. पण तिची जीभ कुणाला विचारून थोडीच चालायची!

“काढीन, सरकार. पन मले तुमचा लहाना कॅमेरा द्या. तुमची तोफ माह्याच्यानं उचलत नाई.”

जीप निघाली. पुढं नथ्थू ड्रायव्हर आणि वनमाला, मागं राजेसाहेब आणि शृंगारपुरे. शृंगारपुऱ्यांची टकळी जंगलात शिरल्यापासून चालू होती. “त्या वारुळाचा काढ! नाहीतर त्या मोराचा काढ! मोर बघून ओरडेल कोणीतरी ‘वाघ’!”

“साहेब, जरा हळू बोला,” वनमाला म्हणाली. “वाघाले वाटन, आपल्याहून मोठं जनावर आलं!”

नथ्थूला खोकल्याची उबळ आली. राजेसाहेबांनी मिशीत हसून विडा तोंडात टाकला.

तेवढ्यात चितळ ओरडलं. वानरानं झाडाच्या शेंड्यावरून इशारा दिला. नथ्थूनं इंजिन बंद केलं. बांबूचं बेट हललं, आणि त्यातून वाघ बाहेर आला. तो आला तो थेट जीपला खेटून! इतका जवळ, की राजेसाहेबांच्या तोफेत नुसतं पिवळं धुकं दिसायला लागलं. त्यांनी लेन्स खाली घेतली. वाघानं मान वर केली, त्यांच्याकडं निवांत पाहिलं आणि नाकातून ‘फुर्रर्र’ केलं.

सगळं जंगल वाघाकडं बघत होतं. वनमालानं मात्र वाघाकडं चक्क पाठ फिरवली!

“स-सरकार, बघा! गाईडबाई वाघाकडं पाठ करून बसल्यात!” शृंगारपुरे कुजबुजले, तेही सीटच्या खालून.

वनमालाचं बोट नेमकं चाललं. खट्! खट्! वाघ रस्ता ओलांडून निघून गेला.

रविवारी महालात पाहुणे जमले. दिवाणखान्यात मोठा फोटो कापड टाकून ठेवला होता. वनमालानं कापड ओढलं.

“अगं बाई, वाघ!” राजेसाहेबांच्या आत्याबाई किंचाळून खुर्चीवर चढल्या.

“वाघ! वाघ!” पाहुणे ओरडले. सगळ्यांनी माना वळवून मागं पाहिलं, आणि आचाऱ्याच्या हातून भज्यांची परात सुटली!

मग हळूहळू एकेकानं फोटोकडं नीट पाहिलं. फोटोत वाघ कुठंच नव्हता. होते फक्त राजेसाहेब! टोपी कानावर, मिशीचं एक टोक वर आणि एक खाली, डोळे बशीएवढे, तोंडाचा ‘आ’, आणि त्या ‘आ’मध्ये अर्धवट चघळलेला विडा. हसायची कुणाची छाती होईना. राजेसाहेबांचा चेहरा टोमॅटोसारखा लाल झाला.

शृंगारपुरे भिंग घेऊन पुढं धावले. त्यांनी फोटोला नाक लावलं आणि आनंदानं उडीच मारली.

“अट मोडली, सरकार! तुमच्या डोळ्याच्या बाहुलीत बघा! तिळाएवढा वाघ आहे, पट्ट्यांसकट! वनमाला, उतरव ती वर्दी!”

राजेसाहेबांनी भिंग घेतलं. वाघ होता. खरंच होता!

वनमालानं वर्दीचं टोक मुठीत घट्ट धरलं. मग मान वर केली.

“तो फोटोत नाई, साहेब! तो सरकारच्या नजरेत भरला हाये. आन् सरकारच्या नजरेत कोनं भरायचं, हे काय तुमी ठरवनार?”

शृंगारपुऱ्यांचं तोंड फोटोतल्या तोंडाएवढं उघडलं. राजेसाहेबांची मिशी थरथरली, खांदे हलले, आणि हास्याचा असा स्फोट झाला की आत्याबाई पुन्हा खुर्चीवर चढल्या. मग सगळा महाल हसला. राजेसाहेब डोळे पुसत म्हणाले, “वर्दी तुझी, कॅमेरा तुझा, आणि आजपासून कॅम्पची मुख्य गाईड तूच! नथ्थू, शिडी आण. भिंतीवरचे सगळे वाघ उतरव आणि मला एकट्यालाच टांग!”