शेंदरी पापुद्रा

एका नगरात एक विद्यापीठ होते. तिथे विद्येचा कधीमधी तुटवडा पडे, भीतीचा मात्र कधीच नाही. तिथे मालविका नावाची मुलगी डॉक्टरेटसाठी संशोधन करत होती. टाकाऊ भाजीवर माशीच्या अळ्या पोसायच्या, त्यांच्या चरबीचा साबण करायचा आणि कातडीपासून पातळ पापुद्रा काढायचा, हा तिचा विषय. त्या पापुद्र्यात खाऊ गुंडाळावा आणि वेष्टणासकट खाऊन टाकावा, म्हणजे प्लास्टिकची कटकट नको. नातेवाइकांनी तिच्या घरी चहा प्यायचे सोडले होते, पण काम चोख होते.

दिघावकर सर तिचे मार्गदर्शक. त्यांच्या चपला जिन्यात वाजल्या की मालविका हातातले काम टाकून उभी राही. सही त्यांची, शिफारस त्यांची. त्यांनी एक भुवई वर केली की विद्यार्थ्याचे एक वर्ष जाई.

तोंडी परीक्षा जवळ आली आणि नेमका मंडईचा संप झाला. अळ्या उपाशी पडल्या. सर म्हणाले, "मारुतीच्या देवळात निर्माल्याचा ढीग पडलाय. ते घाल."

"सर, आधी तपासून बघते."

"देवाच्या अंगावरची फुलं तपासणार? तू कोण लागून गेलीस?"

मालविकेने निर्माल्य आणून घातले. फुले खाऊन अळ्या धष्टपुष्ट झाल्या. पापुद्र्याला सुरेख केशरी झाक आली. सर हरखले. मालविकेला मात्र शंका आली. फुलांना मारुतीचा शेंदूर लागला होता, आणि शेंदरात शिसे असते. तिने गुपचूप तपासणी केली. पापुद्र्यात शिसे उतरले होते.

त्या विद्यापीठाची रीत अशी, की तोंडी परीक्षेला उमेदवाराने सर्वांचे तोंड गोड करायचे, तेही आधीच. त्याने परीक्षक नरम पडतात, असा अनुभव होता. पेढे पापुद्र्यातच गुंडाळायचे, असे सरांचे फर्मान निघाले होते. शाळांना खाऊ पुरवणारे अधिकारीही बोलावले होते. त्यांना पसंत पडले की नगरातल्या साऱ्या शाळांचा खाऊ याच पापुद्र्यातून जाणार होता.

दारातच मालविकेने सरांना गाठले. "सर, यात शिसं निघालंय."

"हळू बोल! एका पेढ्याने कुणी मरत नाही. तोंड उघडलंस तर तुझी पदवी मात्र नक्की मरेल."

ती पेढ्यांचे ताट घेऊन आत गेली. बाहेरगावच्या परीक्षक साबडे बाई कौतुकाने म्हणाल्या, "रंग काय सुंदर आलाय! केशर का गं?"

"पोरं पेढ्याआधी वेष्टणच संपवतील," अधिकारी हसत म्हणाले आणि त्यांनी हात पुढे केला.

मालविकेच्या डोळ्यांसमोर शाळेची अख्खी रांग उभी राहिली. तिने ताट चटकन दुसरीकडे वळवले. ती म्हणाली, "सर, पहिला मान गुरूंचा."

ताटात फुरसे बसले असावे तसे सर मागे सरकले. "मला... मला मधुमेह आहे."

"कधीपासून? सकाळी तर जिलबी मागून घेतलीत!" साबडे बाई म्हणाल्या.

"डॉक्टरांचा आत्ताच फोन आला. अगं, बघतेस काय? साहेबांना दे की!"

सरांची भुवई वर चढली. मालविकेने ताट छातीशी घट्ट धरले.

"कुणी खाऊ नका. यात शिसं आहे. न तपासता फुलं मी घातली. मग तपासलं आणि सांगायला घाबरले."

परीक्षा तिथेच रद्द झाली. पेढे घातक कचऱ्यात गेले. मालविकेला पहिल्यापासून सुरुवात करावी लागली. चौकशीसाठी अनुभवी माणूस हवा, म्हणून समितीवर दिघावकर सरांना घेतले.

पुढच्या महिन्यात शाळांत नेहमीचाच खाऊ नेहमीच्याच प्लास्टिकमधून आला. यात नवीन ते काय, अशी मुलांनी कुरकुर केली. आपण कशातून वाचलो, हे त्यांना कुणीच सांगितले नाही.

तात्पर्य: भीती वाटणे हा दोष नव्हे, आपली भीती दुसऱ्याच्या ताटात वाढणे, हा दोष.